ऊन, उन्हं आणि उघडीप : कोणता शब्द कुठं?

प्रश्न असा आला आहे : हवामानाच्या एका मोबाइल अ‍ॅपचा मजकूर मराठीत करायचा आहे. वापरणारे मुख्यतः कोल्हापूर जिल्ह्यातले शेतकरी आणि दुकानदार. इंग्रजी ‘सनी’ या शब्दासाठी काय लिहावं – ऊन, स्वच्छ, निरभ्र की उघडीप? शिवाय ‘उन्हात’ बरोबर की ‘उनात’, ‘ऊन्हाळा’ की ‘उन्हाळा’, आणि ‘उन्हं’ हे अनेकवचन नेमकं कधी येतं?

एका शब्दानं हे काम होणार नाही. ‘सनी’ हे विशेषण आहे. ते दिवसाला लागतं, हवेला लागतं, खोलीलाही लागतं. ‘ऊन’ हे नाम आहे, नपुंसकलिंगी, आणि ते कुठंतरी पडावं लागतं. अंगणात पडतं, कौलांवर पडतं, पाठीवर पडतं. ‘आजचा दिवस ऊन आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘आज ऊन आहे’ किंवा ‘आज चांगलं ऊन पडलंय’ म्हणतात. नामाला विशेषणाच्या खुर्चीत बसवायला गेलं की ‘सूर्यप्रकाशित दिवस’ किंवा ‘उन्हाळी हवामान’ अशा रचना जन्माला येतात. उन्हाळी म्हणजे उन्हाळ्यातलं : उन्हाळी भुईमूग, उन्हाळी सुट्टी. डिसेंबरातल्या लख्ख सकाळीला ‘उन्हाळी’ म्हटलं तर वाचणारा गोंधळेल. आणि ‘उन्हाळी लागणे’ म्हणजे लघवीला जळजळ होणे, हे घरोघरी माहीत असलेलं दुखणं आहे, तेही विसरू नये.

शब्द निवडताना बोलणारा कुठं बघतोय ते आधी बघा. आभाळाकडे बघून बोलत असेल तर निरभ्र, मोकळं, स्वच्छ. पावसाचा विचार डोक्यात असेल तर उघडीप. जमिनीकडे, भिंतीकडे, वाळत घातलेल्या मिरच्यांकडे, स्वतःच्या डोक्याकडे लक्ष असेल तर ऊन. एकाच दिवशी एकाच गावात हे तिन्ही शब्द खरे असू शकतात आणि तिन्ही वेगवेगळी माहिती देतात.

ऊन म्हणजे नुसता उजेडही नव्हे. ढगाळ दिवशी उजेड भरपूर असतो, वाचता येतं, कामं चालतात, पण ऊन नसतं. ऊन आहे की नाही हे ओळखायची साधी खूण म्हणजे सावली. तुळशी वृंदावनाची सावली कडेनं स्वच्छ रेखलेली दिसली तर ऊन आहे. सावली पुसट, कडा विरलेल्या दिसल्या तर ‘ऊन धड पडलं नाही’ किंवा ‘ऊन फिकट आहे’. हवामानशास्त्राची व्याख्याही याच अंगानं जाते. सूर्याकडून थेट येणारी ऊर्जा एका चौरस मीटरला १२० वॅटपेक्षा जास्त असेल तेवढाच वेळ ‘सूर्यप्रकाशाचे तास’ म्हणून मोजतात. जुन्या वेधशाळांत त्यासाठी कॅम्पबेल-स्टोक्स नावाचं यंत्र असे : काचेचा भरीव गोळा, त्याच्यामागे कागदी पट्टी. ऊन असेल तेवढा वेळ पट्टी जळत जाते, ढग आला की जळणं थांबतं. म्हणजे अ‍ॅपमध्ये ‘सनशाइन अवर्स’ असं काही असेल तर ‘उन्हाचे तास’ हे भाषांतर अर्थानंही अचूक आहे. ‘प्रकाशाचे तास’ लिहू नका. त्याचा अर्थ दिवसाची लांबी असा होईल.

आता शुद्धलेखन. हा शब्द संस्कृत ‘उष्ण’वरून आला. प्राकृतात उष्णचा उण्ह झाला आणि मराठीत उन्ह. ‘ष्ण’चा असा ‘ण्ह’ आणि पुढं ‘न्ह’ होणं मराठीत इतरत्रही दिसतं : कृष्णचा कण्ह आणि मग कान्हा, तृष्णाची तण्हा आणि मग तहान. ‘उन्हातान्हात राबणे’ यातलं ‘तान्ह’ ते हेच, तहान. म्हणजे हा नुसता यमकासाठी चिकटवलेला शब्द नाही. उष्ण आणि तृष्णा ही जोडी जशीच्या तशी तिथं टिकून आहे.

मग मूळ शब्दात ‘ह’ आहे, तर ‘ऊन’ लिहिताना तो जातो कुठं? मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही. शेवटी नुसता ‘न्ह्’ उरला तर तो जिभेला पेलत नाही, म्हणून ‘ह’ गळतो आणि ‘ऊन्’ ऐकू येतं. पुढं स्वर आला की दबलेला ‘ह’ परत वर येतो : उन्हात, उन्हाला, उन्हाचा, उन्हानं, उन्हाळा, उन्हं. एवढं लक्षात ठेवलं तर पाठांतराची गरज राहत नाही. एकट्या शब्दात ‘ह’ नाही, प्रत्यय लागला की ‘ह’ आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचं कोडं वेगळं आहे आणि त्याचा या ‘ह’शी संबंध नाही. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ लिहायचा : ऊस, मूल, फूल, सून, ऊन. सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : उसाला, मुलाला, फुलाला, सुनेला, उन्हाला. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ साली शासनानं मान्य केलेले लेखननियम हेच सांगतात. म्हणून ‘ऊन्हात’, ‘ऊन्हाळा’ ही रूपं चूक, आणि एकटं ‘उन’ किंवा ‘उन्ह’ही प्रमाण लेखनात नको. अ‍ॅपचा मजकूर तपासताना सरळ ‘ऊन्ह’ ही दोन अक्षरं शोधा. जिथं सापडतील तिथं चूक आहे.

कोल्हापूरकडच्या बोलीत प्रत्यय लागल्यावरही ‘ह’ राहतोच असं नाही. ‘उनाचं कुठं चाललाईस?’, ‘उनातनं आलाईस, जरा टेक’, ‘ऊन लई लागाय लागलंय’ हे रोजचं बोलणं आहे. मराठीतला ‘न्ह’ आघात न देता उच्चारला जातो – ‘तुम्ही’, ‘आम्ही’मधल्या ‘म्ह’सारखा – त्यामुळं त्यातला ‘ह’ बोलताना सहज विरतो. बोली म्हणून हे अगदी खरं आणि देखणं रूप आहे. ‘उनाचं’ हा शब्द तर नुसतं षष्ठीचं रूप न राहता ‘भर उन्हाच्या वेळी’ असं क्रियाविशेषण झाला आहे, प्रमाण मराठीत त्याला एवढा आटोपशीर पर्याय नाही. पण अ‍ॅपच्या सूचनेत प्रमाण रूप ठेवा. बोलीतलं वाक्य लिहायचं असेल तर ते सबंध बोलीतलं हवं; ‘उनात जाणे टाळावे’ असं अर्धं बोली आणि अर्धं सरकारी लिहिलं की दोन्हीकडची गोडी जाते.

या शब्दाचे दोन सोबती आहेत आणि ते उगाच घोळ घालतात. एक संस्कृत ‘ऊन’, म्हणजे कमी. न्यून, उणे, उणीव, उणंदुणं काढणे हे सगळे त्याचे. ‘एकोणीस’मध्येही तोच आहे : एकोनविंशति, एकानं कमी वीस. तापमान शून्याखाली गेलं की आपण ‘उणे पाच’ म्हणतो तो हा शब्द, त्याचा उन्हाशी काही संबंध नाही. दुसरा हिंदीतला ‘ऊन’, म्हणजे लोकर. धनगरांचं घोंगडं मराठीत लोकरीचं असतं, ‘ऊनी’ नसतं. थंडीच्या सूचनेत ‘ऊनी कपडे वापरा’ असं छापलेलं दिसतं, तिथं लोकरी किंवा गरम कपडे लिहा. हिंदीतून येणारा आणखी एक पाहुणा म्हणजे ‘धूप’. मराठीत धूप देवापुढं जाळतात, नाहीतर पावसानं जमिनीची धूप होते. ‘उद्या दिवसभर धूप’ ही सूचना वाचून शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढं वाहून गेलेला बांध उभा राहील.

विशेषण म्हणूनही ‘ऊन’ जुन्या मराठीपासून आहे : ऊन पाणी, ऊन ऊन भात, ऊन ऊन भाकरी. इथं त्याचा अर्थ थेट ‘उष्ण’. हे विशेषण बदलत नाही. ‘ऊन पाण्यानं शेका’ बरोबर, ‘उन्ह्या पाण्यानं’ असं काही होत नाही. आता पाण्याला बहुतेक ठिकाणी ‘गरम’नं गाठलंय. ताटातल्या अन्नापुरतं मात्र ‘ऊन ऊन’ अजून घट्ट टिकून आहे.

अनेकवचनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण परक्याला शिकवताना हीच गोष्ट सर्वात अवघड जाते. एकवचनी ‘ऊन’ म्हणजे तो प्रकाश आणि ताप. अनेकवचनी ‘उन्हं’ बहुतेक वेळा दिवसाची वेळ सांगतात. उन्हं आली, उन्हं चढली, उन्हं तापली, उन्हं कलली, उन्हं उतरली. ‘उन्हं उतरल्यावर निघू’ याचा अर्थ साडेचार-पाचनंतर निघू. ‘ऊन उतरल्यावर’ म्हटलं तर समजेल, पण तिथं ताप कमी होण्यावर जोर येतो, वेळेवर नाही. ‘उन्हं चढायच्या आत भांगलण (खुरपणी) उरका’ हे मजुराला सांगितलेलं वाक्य घड्याळाचं काम करतं. लेखी प्रमाण भाषेत ‘उन्हे’ लिहितात, बोलल्यासारखं लिहायचं असेल तर ‘उन्हं’. दोन्ही चालतात, मात्र एकाच मजकुरात दोन्ही नकोत.

कोल्हापूरच्या खेड्यांत वेळ सांगायला सूर्याऐवजी ‘दिवस’ किंवा ‘दिस’ म्हणतात. दिवस उगवला, दिवस डोक्यावर आला, दिवस कलला, दिवस बुडाला. सकाळी सूर्य क्षितिजापासून थोडा वर आला की ‘दिवस कासराभर वर आला’. कासरा म्हणजे बैलाला हाकायची दोरी. तिच्या लांबीएवढं अंतर डोळ्यांनी मापलेलं. तोवरचं ऊन कोवळं. तान्ह्या बाळाला दाखवतात ते हेच.

अनेकवचनाचा दुसरा उपयोग मोजणीचा, आणि तो फार उपयोगाचा आहे. ‘मिरचीला तीन उन्हं दाखवा’ यातलं एक ऊन म्हणजे एक पुरा तापलेला दिवस, साधारण सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंतचा. मध्येच आभाळ आलं तर तो दिवस धरत नाहीत : ‘आजचं ऊन झालं नाही.’ दोन अर्ध्या दिवसांचं मिळून एक ऊन होत नाही, कारण मधल्या रात्री मिरची हवेतला ओलावा परत ओढून घेते. कोल्हापुरात ‘चटणी’ म्हणजे वर्षभराचा कांदा-लसूण मसाला. मार्च ते मे या महिन्यांत घरोघरी ती होते आणि पहिलं काम उन्हाचं असतं. मिरची देठं काढून एकेरी थरात पसरायची, दुपारी एकदा परतायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची. दोन-तीन कडक उन्हं झाली की एक मिरची घेऊन मोडून बघायची. कट् असा आवाज होऊन तुटली, हलवल्यावर आतलं बी वाजलं, तर डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, न्यायला तयार. नुसती वाकली तर ऊन कमी पडलंय. अशी मिरची डंकात कुटली जात नाही, चामड्यासारखी चपटी होते. जबरदस्तीनं कुटून भरलीच तर पावसाळ्यात मसाल्याचे गोळे होतात आणि बुरशी धरते. उलट उगाच आठवडाभर उन्हात ठेवली तर रंग उडतो, लाल तवंगाची चटणी फिकी पडते.

इथं क्रियापदांचे बारकावे सांभाळा. ‘ऊन दाखवणे’ म्हणजे थोड्या वेळासाठी, वास आणि ओल जाण्यापुरतं : गाद्यांना, लोणच्याच्या बरणीला, साठवणीच्या धान्याला. ‘उन्हात घालणे’ किंवा ‘वाळत घालणे’ म्हणजे पूर्ण सुकेपर्यंत. ज्वारी-गव्हाला ऊन दाखवून लगेच पिंपात भरलं तर गरम दाण्यातली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी धरते आणि वरचा थर खराब होतो; म्हणून धान्य संध्याकाळी घरात पसरून निववायचं, मग भरायचं. उडदाचे पापड आधी सावलीत वाळतात, नंतर हलकं ऊन. थेट कडक उन्हात टाकले तर कडा वळतात आणि तडे जातात. पेरणीच्या सोयाबीनला कडक ऊन लागलं तर उगवण कमी होते, त्याला सावलीतच वाळवायचं. अ‍ॅपमध्ये ‘वाळवणाला योग्य दिवस’ अशी सूचना देणार असाल तर ती ‘कडक ऊन’ एवढ्यावर न सोडता ‘दिवसभर ऊन’ असं लिहा. घरच्या बाईला दुपारचा कडकपणा तर कळायला हवाच, पण त्याहून जास्त हवी ती दिवसभराची खात्री.

‘ऊन लागणे’चे अर्थ दोन. ‘खिडकीतनं ऊन लागतंय’ म्हणजे अंगावर येतंय. ‘त्याला ऊन लागलं’ म्हणजे उन्हानं तो आजारी पडला. वैद्यकीय सूचनेत दुसऱ्या अर्थानं ‘उष्माघात’ लिहिणं बरं, कारण तिथं गैरसमज परवडत नाही. ‘ऊन खात बसणे’ हे थंडीतलं सुख आहे, उन्हाळ्यात कोणी ऊन खात नाही. ‘हे केस उन्हानं पांढरे झालेले नाहीत’ हे वडीलधाऱ्यांचं वाक्य अनुभवाचा दाखला देताना येतं.

‘ऊन मी म्हणतंय’ हा माझ्या मते या शब्दाचा सर्वात भारी प्रयोग. त्या घडीला उन्हासमोर दुसऱ्या कोणाचं काही चालत नाही, तेच एकटं ‘मी’ म्हणून उभं असतं. तो भर दुपारीच वापरतात, एकवचनीच वापरतात, आणि जे चालू आहे किंवा होऊन गेलं त्याबद्दलच. ‘उद्या ऊन मी म्हणेल’ असं अंदाजात लिहिलं तर वाक्य लंगडं होतं.

विशेषणं भरपूर आहेत, पण ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. रखरखीत ऊन उघड्या माळावरचं, जिथं झाडाची सावली नाही. टळटळीत हे उन्हापेक्षा दुपारलाच जास्त शोभतं. भगभगीत म्हणजे डोळ्यांना सहन न होणारं, पत्र्यावरून किंवा पांढऱ्या भिंतीवरून उसळणारं. रणरणतं ऊन चालताना जाणवतं. तुमच्या ‘सनी’मधला प्रसन्नपणा पकडायचा असेल तर ‘लख्ख’ घ्या. चार दिवसांच्या पावसानंतर पानं धुतलेली, हवा निवळलेली आणि वर ऊन पडलेलं, ते लख्ख ऊन. त्यात तापाची तक्रार नाही, घासलेल्या तांब्याच्या हंड्याला वापरतो तोच शब्द आहे. ऊन असताना सर आली तर पोरं ‘कोल्ह्याचं लगीन’ म्हणतात. अ‍ॅपमध्ये ‘ऊन-पाऊस’ पुरेसं.

ऊन हा शब्द जिथं येत नाही तिथंही त्याचा अर्थ उजळतो. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या. देऊळ पश्चिमाभिमुख. परंपरेनं ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मधल्या भागापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. वर्षातून दोनदाच, आणि याच तारखांना का, तर २१-२२ डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे साधारण एक्केचाळीस दिवसांवर सूर्य आकाशात त्याच दक्षिणेच्या कोनात असतो, विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश खाली. पश्चिमेला ढग आले, हवेत धूळ किंवा दमटपणा असला की किरणं मध्येच क्षीण होतात. हे सगळं सांगताना कोणी ‘देवीवर ऊन पडलं’ म्हणत नाही. किरणांनी चरणस्पर्श केला, किरणं मुखापर्यंत पोचली. प्रकाश तोच, त्याच सूर्याचा. पण जिथं ताप नाही, दिशा आहे आणि स्पर्श आहे, तिथं किरण. घराच्या कौलातून येऊन सारवलेल्या जमिनीवर पडलेला गोल तुकडा कवडसा. फटीतून आलेली पट्टी तिरीप. ऊन म्हणायला थोडा पसारा लागतो आणि थोडी धग.

आता उघडीप. वर्तमानपत्रात ‘पावसाने उघडीप दिली’, बोलताना ‘उघाड दिली’ किंवा ‘उघाड मिळाली’. हा स्त्रीलिंगी शब्द फक्त पावसाच्या संदर्भात जिवंत आहे. जानेवारीत कितीही लख्ख असो, उघडीप म्हणता येत नाही, कारण उघडायला आधी काही झाकलेलं असावं लागतं. आणि उघडीप म्हणजे ऊन नव्हे. ‘दोन दिवस उघडीप आहे, पण ऊन काही पडलं नाही’ हे जुलैत अगदी सहज ऐकू येणारं वाक्य आहे. पाच-दहा मिनिटं पाऊस थांबला तर ‘सर ओसरली’. उघडीप म्हणायला निदान अर्धा दिवस जावा लागतो.

शेतकऱ्याला उघडीप हवी असते ती वाफशासाठी. रानात पाय रुतणार नाही, औजाराला चिखल चिकटणार नाही, पण मुळाशी ओल राहील, अशी अवस्था म्हणजे वाफसा. बरेच जण याला ‘रानाला घात आली’ असंही म्हणतात. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आहे, चपटा झाला तर नाही. मुरमाड रानाला वाफसा लवकर येतो, नदीकाठच्या भारी काळ्या रानाला बरेच दिवस लागतात, आणि तिथं नुसत्या उघडिपीवर काम होत नाही, वर ऊन लागतं. वाफसा नसताना कोळपं घातलं तर माती चोपून बसते आणि पीक पिवळं पडतं. जिल्ह्याच्या दोन टोकांना याच शब्दाची किंमतही उलटी होते. रोपलागणीच्या दिवसांत गगनबावडा, राधानगरीकडचा भातवाला उघडिपीनं काळजीत पडतो. त्याच आठवड्यात शिरोळ, हातकणंगल्याचा सोयाबीनवाला तिची वाट बघत असतो. त्यामुळं अ‍ॅपमध्ये उघडिपीच्या शेजारी हसरा सूर्य टाकू नका. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. अशा वेळी शहरात उघडीप असली तरी पाणी चढत राहू शकतं, कारण पाऊस वर घाटमाथ्यावर आणि धरणक्षेत्रात चालू असतो. ‘पावसाची उघडीप, पाणीपातळी मात्र वाढतेय’ असं एकाच ओळीत लिहावं लागतं.

आभाळाचे शब्द मोजमापाला सोयीचे. हवामान खातं आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी झाकलेत ते बघतं. शून्य भाग म्हणजे निरभ्र. एक-दोन मुख्यतः निरभ्र. तीन-चार अंशतः ढगाळ. पाच ते सात सामान्यतः ढगाळ. आठ पूर्ण ढगाळ. अभ्र म्हणजे ढग, म्हणून निरभ्र. ‘आभाळ’ हा शब्दही त्याच अभ्रावरून आला, त्यामुळं मराठीत ‘आभाळ आलंय’ याचा अर्थ ढग आलेत. ‘आज आभाळ आहे’ हे वाक्य कोल्हापुरात ढगाळपणाच सांगतं. तेव्हा स्वच्छ दिवसासाठी ‘आभाळ राहील’ असं अंदाजात कधी लिहू नका. आकाश निरभ्र राहील असं लिहा.

तापमानाच्या ठिकाणी ‘ऊन ३८ अंश’ ही चूक हमखास होते. जाहीर होणारं तापमान सावलीतल्या हवेचं असतं : जाळीदार पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर ठेवलेल्या तापमापीचं. उन्हात ठेवलेली तापमापी सूर्याचा ताप स्वतःच शोषते आणि भलताच आकडा दाखवते. म्हणून ‘तापमान ३८ अंश, कडक ऊन’ असं दोन भागांत लिहा. ‘उन्हाची लाट’ऐवजी ‘उष्णतेची लाट’. मैदानी भागात त्यासाठी कमाल तापमान निदान ४० अंश आणि सरासरीहून साडेचार अंश वर जावं लागतं, नाहीतर थेट ४५ अंश गाठावे लागतात. आणि ऊन नसतानाही घाम फुटतो त्याला ऊन म्हणू नका. ‘उकडतंय’, ‘गदमदतंय’ हे शब्द आहेत. मे महिन्यात वळीव यायच्या आधी दुपारी तीन-चारला आभाळ भरून येतं, वारा पडतो, तेव्हा ऊन गेलेलं असतं आणि गदमद सर्वात जास्त असते.

बारा वाजता सूर्य डोक्यावर, हेही कोल्हापुरात घड्याळानं जुळत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि कोल्हापूर साधारण ७४.२ अंशांवर, म्हणून मे महिन्यात माथ्यावरची वेळ साडेबाराच्या सुमारास येते. मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस त्या वेळी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही तसा दिवस येतो, पण तेव्हा ढगांमुळं तो बहुधा दिसत नाही. ‘दुपारी बारा ते तीन उन्हात जाणे टाळा’ या ठरावीक सूचनेत इथं चारपर्यंत वेळ धरणं शहाणपणाचं.

तुमच्या मजकुरासाठी मी असं ठेवेन. दिवसाच्या चित्राखाली ‘ऊन’. उन्हाळ्यात तापमान वर गेलं तर ‘कडक ऊन’. पावसाळ्यात ढग फाकून सूर्य दिसणार असेल तर ‘उघडीप, ऊन पडेल’. नुसता पाऊस थांबणार असेल तर ‘उघडीप, ढगाळ’. हिवाळ्यात ‘सकाळी कोवळं ऊन, आकाश निरभ्र’. मध्ये-मध्ये ढग येणार असतील तर ‘ऊन-सावली’, हा शब्द ‘अंशतः ढगाळ’पेक्षा बाजारातल्या माणसाला लवकर कळतो. ‘ऊन असेल’ आणि ‘ऊन पडेल’ यांत फरक ठेवा : पहिल्यात ते आधीपासून आहे, दुसऱ्यात ढगानंतर येणार आहे.

राहिली रात्र. बऱ्याच अ‍ॅपमध्ये एकच शब्द दिवसा आणि रात्री दोन्हीकडे जातो आणि रात्री अकराच्या चौकटीत ‘ऊन’ छापून येतं. रात्रीच्या रकान्याला वेगळा मजकूर जोडून घ्या : ‘आकाश निरभ्र’. पौर्णिमेच्या आसपासच्या चार-पाच रात्री, ढग नसतील तर, ‘टिपूर चांदणं’ लिहिता येईल.